लगोरी, धाकटा आणि त्याची ओडिया

पुणे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "त्याला आपलं काही कळत नाही, मग ही दोघं दिवसभर करतात तरी काय?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. आमची चिमी आणि ओडिशातून दत्तक आणलेला तिचा धाकटा भाऊ, दोघं खेळतात. शाळेतून आली की दिवेलागणीपर्यंत इमारतीमागच्या मोकळ्या जागेत असतात, आणि त्यांचं जे काही जुळतंय ते तिथेच.

घरात सुरुवातीला फार जड गेलं. चिमी त्याला मराठीत सांगायची, मग हिंदीत, मग तेच आणखी मोठ्याने. तो दाराआड जाऊन उभा राहायचा. सहा वर्षांचं पोर ते. तिकडे अनाथ मुलांच्या संस्थेत सगळे ओडिया बोलणारे, आणि कोणार्क एक्स्प्रेसने दीड दिवसात अशा घरी आलं जिथे कानावर पडणारं काहीच ओळखीचं नाही.

मग एका संध्याकाळी मुलांची लगोरी चालली होती. हा भिंतीला टेकून बघत होता. चेंडू बसला, सातही ठिकऱ्या उडाल्या, पोरं पांगली आणि रचायला पुढे कुणी जाईना. हा धावला. मोठी खाली, लहान वर, भराभर रचत सुटला. त्याच्या पाठीत चेंडू बसणार एवढ्यात चिमीने त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं, आणि पुन्हा दोघं मिळून ठिकऱ्यांकडे! नियम त्याला कुणीच सांगितले नव्हते. लगोरी आपल्या देशात कुठे खेळत नाहीत? नाव तेवढं बदलतं. इथे आल्यापासून त्याला येणारी आणि चिमीलाही येणारी अशी ती पहिलीच गोष्ट होती.

आता भांडणंही होतात. आउट कोण यावरून ती मराठीत ओरडते, तो ओडियात, आणि दोघांनाही सगळं कळतं. पहिलं भांडण झालं तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. पाहुण्याशी कुणी असं भांडत नाही. लपाछपीत राज्य त्याच्यावर आलं की तो "एक, दुइ, तिनि, चारि" मोजतो, आणि आता चिमीही तसंच मोजते. खालची बाकीची पोरंही.

बाबा, तो मराठी कधी शिकणार ही तुमची काळजी मला नाही. मराठी येईलच. मला काळजी त्याच्या ओडियाची आहे. कोरियातून तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या काहींचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला होता. मोठेपणी त्यांना कोरियन वाक्यं ओळखताही येत नव्हती. लहानपणी तीच भाषा बोलत होती ती मुलं! हे वाचल्यापासून मी त्याला "मराठीत बोल" म्हणत नाही. त्याचे आकडे, त्याची गाणी खेळात तरी राहू देत. मीही शिकतेय, चिमी माझ्यापेक्षा लवकर शिकतेय.

कागदांचं विचारलं होतंत. 2022 च्या सप्टेंबरपासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आपला हातात आलाय. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका घरी येऊन चौकशी करतील. त्याची धास्ती घेऊ नका, मुलाचं बरं चाललंय ना एवढंच त्यांना बघायचं असतं.

मे महिन्यात आम्ही सगळे येतोय. आधीच काही मागून ठेवते. त्याला आधीचं काही विचारू नका. तो आपणहून सांगेल तेव्हा ऐकू. वाडीत कुणी "हा कुणाचा?" म्हणालं तर आई, तू "माझा नातू" म्हण, पुढे एक अक्षरही नको. बोलत नाही म्हणून त्याला चारचौघांत पुढे ओढू नका. खळ्यात सोडा, वाडीतली पोरं आणि चिमी बघून घेतील.

आणि उकड्या तांदळाची पेज रोज कर. ओडिशातही उकडा तांदूळ खातात, आमच्याकडचा भात तो नुसता चिवडत बसतो. बाबा, माळ्यावरचा विटी-दांडू काढून ठेवा. विटी नवी लागेल, जुनीची टोकं झिजलीत. आणि दांडू दोन हवेत, नाहीतर पहिल्याच सकाळी भांडण ठरलेलं.

तुमची,
ताई