नव्या विज्ञान पदवीला मान्यता देण्याआधी ग्रंथालय नीट तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या विज्ञान पदव्यांच्या बातम्या वृत्तपत्रांत वारंवार येतात. प्रवेशक्षमता किती, प्रयोगशाळेत कोणती उपकरणं येणार, कुणाच्या नेमणुका झाल्या हे सगळं त्यात असतं. ग्रंथालयाचा उल्लेख नसतो. बातमीदारांना मी दोष देत नाही, कारण मूळ प्रस्तावातही बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: ‘विषयाशी संबंधित पुरेशी ग्रंथसंपदा उपलब्ध आहे.’ विद्यापीठाच्या ग्रंथालयात विज्ञानशाखेचा संग्रह सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली. हे वाक्य प्रस्तावात कसं येतं ते मी जवळून पाहिलं आहे. ते तसं येऊ नये, म्हणून हे पत्र.

प्रस्ताव विद्यापरिषदेपुढे जायची तारीख तोंडावर आली की विभागातून निरोप येतो, ग्रंथपालांची सही राहिली आहे. सोबत अभ्यासक्रमाचा कागदही नसतो. मग कॅटलॉगमध्ये विषयाचं नाव टाकायचं, जो आकडा येईल तो लिहायचा आणि सही करायची. प्रयोगशाळेबाबत असं कुणी करत नाही. तिथे कोणत्या प्रयोगाला कोणतं उपकरण लागेल, एका तुकडीला किती नग लागतील, याची यादी होते. ग्रंथालयाची तपासणीही तितक्याच बारकाईनं करता येते. तिच्या पद्धती कित्येक दशकांपासून रुळलेल्या आहेत.

उदाहरणादाखल जैवमाहितीशास्त्राची (बायोइन्फर्मेटिक्स) पदवी घेऊ. कॅटलॉगमध्ये हे नाव टाकलं तर ड्युई वर्गीकरणातल्या, म्हणजे पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावण्याच्या पद्धतीतल्या, ५७०.२८५ आणि ५७२.८ या वर्गांकांच्या आसपासची पुस्तकं दिसतील. पण अभ्यासक्रम उघडून पहिल्या वर्षाच्या विषयपत्रिका (पेपर) पाहा. संख्याशास्त्राची पुस्तकं ५१९.५ ला, प्रोग्रॅमिंगची ००५.१ ला, पेशीविज्ञानाची ५७१.६ ला आणि अनुवंशशास्त्राची ५७६.५ ला. मुलांना लागणारी निम्म्याहून अधिक पुस्तकं अशी चार-पाच कपाटांत विखुरलेली असतात आणि त्यांतल्या प्रत्येक कपाटावर आधीच दुसऱ्या विभागाच्या विद्यार्थ्यांची वर्दळ असते. संख्याशास्त्राच्या एकाच चांगल्या पुस्तकासाठी गणिताची, अर्थशास्त्राची, मानसशास्त्राची मुलं रांगेत असतात. त्या रांगेत नव्या पदवीची तुकडी उभी राहणार आहे. विषयाच्या नावाखाली मिळणाऱ्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून तपासणीची सुरुवात विषयपत्रिकांपासून व्हायला हवी. प्रत्येक पत्रिकेखाली शिक्षकांनी सुचवलेली पुस्तकं घ्यायची आणि प्रत्येकासमोर लिहायचं: आहे की नाही, कोणती आवृत्ती, किती प्रती, गेल्या तीन वर्षांत किती वेळा वाचकांकडे गेलं. त्यानंतर कपाटापाशी जाऊन पुस्तक हातात घेऊन पाहायचं. ही शेवटची पायरी टाळली की बाकीची मेहनत वाया जाते. कॅटलॉगमध्ये ‘उपलब्ध’ दिसणारं पुस्तक प्रत्यक्षात कधी हरवलेलं असतं, कधी बांधणीला गेलेलं, कधी वर्षानुवर्षं एखाद्या प्राध्यापकांच्या खोलीत असतं. सुचवलेल्या पुस्तकांची यादीही डोळे झाकून घेऊ नये. पुष्कळदा ती जुन्या अभ्यासक्रमातून जशीच्या तशी उचललेली असते आणि त्यातल्या काही आवृत्त्या बाजारात मिळणं केव्हाच बंद झालेलं असतं. अशा वेळी ग्रंथपालांनी शिक्षकांसोबत बसून यादी दुरुस्त करावी. माझ्या अनुभवात शिक्षक हे आनंदानं करतात, फक्त त्यांना वेळेवर विचारायला हवं.

पुस्तकांच्या वयाबद्दल सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही. दोन जनुकक्रम जुळवून पाहण्याची नीडलमन आणि वुन्श यांची पद्धत १९७० मधली आहे. ती आजही पहिल्या काही तासांत शिकवतात आणि ती नीट समजावणारं तीस वर्षांपूर्वीचं पुस्तक आजही कामाचं आहे. त्याच कपाटात डीएनए-वाचनाच्या तंत्रावरचं २००५ च्या आधीचं पुस्तक असेल तर मात्र पंचाईत आहे, कारण नव्या पिढीची यंत्रं त्या सुमारास बाजारात आली आणि सगळं कामच बदललं. प्रथिनांच्या रचनेचं भाकीत करण्यावरचं प्रकरण तर २०२० नंतर नव्यानं लिहावं लागलं. त्या वर्षी आल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीनं त्या क्षेत्रातल्या खुल्या स्पर्धेत आधीच्या सगळ्या पद्धतींना मागे टाकलं आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलही या क्षेत्रातल्या कामाला मिळालं. तेव्हा ‘अडीचशे ग्रंथ’ असं लिहिलं तर त्यातले किती आज शिकवण्याजोगे आहेत, हे सोबत लिहायलाच हवं. जे कालबाह्य झालेत त्यांचं निर्लेखन करण्याचं, म्हणजे ते संग्रहातून काढून टाकण्याचं, धैर्यही दाखवावं.

आता नियतकालिकं. खरी ओढाताण इथेच होते.

१९२७ साली अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजच्या पी. एल. के. ग्रॉस आणि ई. एम. ग्रॉस यांनी नेमका हाच प्रश्न ‘सायन्स’ साप्ताहिकात मांडला होता: रसायनशास्त्राचे विद्यार्थी पुढच्या अभ्यासासाठी तयार व्हायचे तर छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयात कोणती नियतकालिकं हवीत? त्यांनी कुणाची मतं मागवली नाहीत. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचा १९२६ चा खंड घेतला, त्यातले ३,६३३ संदर्भ मोजले आणि कोणत्या नियतकालिकाचा हवाला किती वेळा येतो ते मांडलं. जर्मन नियतकालिकांचा वाटा त्यात इतका मोठा निघाला की रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला जर्मन वाचता आलंच पाहिजे, हेही त्यातून स्पष्ट झालं. पुढे १९३४ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयातले सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी दाखवून दिलं की कोणत्याही विषयातले बरेचसे लेख मोजक्या नियतकालिकांत एकवटतात आणि बाकीचे असंख्य नियतकालिकांत पांगतात. पहिल्या गाभ्याइतकेच लेख आणखी हवे असतील तर कित्येक पट नियतकालिकं चाळावी लागतात, त्याच्या पुढच्या टप्प्याला त्याहून कित्येक पट.

या दोन्ही गोष्टी आज कोणत्याही विभागाला करता येतात. ज्या क्षेत्राची पदवी सुरू करायची त्यातले अलीकडचे चार-पाच आढावालेख आणि दोन-तीन चांगले प्रबंध घ्या, त्यांच्या संदर्भसूची एकत्र करा आणि यातलं किती आपल्या ग्रंथालयातून उघडतं ते एकेक करून पाहा. एका माणसाला आठवडाभर बसावं लागेल. पण जे हाती लागेल त्यावर विद्यापरिषदेत खरी चर्चा होऊ शकते: गाभ्यातली अमुक नियतकालिकं आपल्याकडे नाहीत, ती घेतल्याशिवाय दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प नीट होणार नाही. पांगलेल्या उरलेल्या लेखांसाठी आंतरग्रंथालयीन देवघेव पुरेशी आहे. तिथे वर्गणीचा आग्रह मी धरणार नाही.

‘आता सगळं इंटरनेटवर फुकट मिळतं’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. त्यात तथ्य आहे आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. प्रथिनांच्या रचनांचा संग्रह असलेली प्रोटीन डेटा बँक १९७१ पासून आहे, डीएनएच्या क्रमांचा संग्रह असलेली जेनबँक १९८२ पासून, आणि दोन्ही सर्वांना खुल्या आहेत. भौतिकशास्त्रज्ञांचं अर्काइव्ह, म्हणजे नियतकालिकात छापून येण्याआधीच शोधनिबंध सर्वांना खुले ठेवणारं भांडार, १९९१ मध्ये सुरू झालं, जीवशास्त्राचं बायोअर्काइव्ह २०१३ मध्ये. जैवमाहितीशास्त्र या बाबतीत सुदैवी आहे. पण हा हिशोब प्रत्येक शास्त्राचा वेगळा असतो. सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा विद्यार्थी अर्काइव्हच्या भरवशावर बरंच काम करू शकेल, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचं तेवढ्यावर भागणार नाही. रेणूची आकृती काढून शोध घेता येणारा सायफाइंडरसारखा डेटाबेस वर्गणीशिवाय पूर्णपणे वापरता येत नाही आणि त्याच्या तोडीचं फुकट काही नाही. तेव्हा ‘फुकट मिळतं’ म्हणणाऱ्यांनी आपल्या विषयात काय आणि किती फुकट मिळतं ते प्रस्तावात लिहून द्यावं. शिवाय खुल्या साधनांतून नेमकं हवं ते काढायला मुलांना कुणीतरी शिकवावं लागतं. त्यासाठी माणूस कोण, त्याचे तास किती, हेही ग्रंथालयाच्या तपासणीतच यायला हवं.

विकत घेतलेल्या ई-संसाधनांबाबतही नुसत्या नावांची यादी फसवी असते. ई-पुस्तक ‘आहे’ असं यादीत लिहिलेलं असतं आणि परवाना असतो एका वेळी एकाच वाचकाचा. परीक्षेच्या आदल्या रात्री साठ मुलांची तुकडी तेच पुस्तक उघडायला जाते, एकाला मिळतं आणि बाकीच्यांना पडद्यावर ‘सध्या वापरात’ दिसतं. मी कामावर असताना अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. नियतकालिकांचंही तेच. एकत्रित संग्रहाच्या वर्गणीत नियतकालिकाचं नाव असतं, पण प्रकाशकानं ताजे अंक वर्षभर रोखून धरलेले असतात. झपाट्यानं पुढे जाणाऱ्या विज्ञानात ताजं वर्षच नसेल तर त्या वर्गणीचा निम्मा उपयोग गेला.

हे सगळं मोजता येतं. काउंटर या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार प्रकाशक ग्रंथालयांना वापराचे अहवाल देतात. त्यात काय उघडलं गेलं ते असतं आणि वाचकानं प्रयत्न केला पण परवाना नसल्यामुळे काय मिळालं नाही, त्याचीही नोंद असते. नकाराचे हे आकडे म्हणजे वाचकांनी स्वतः लिहून ठेवलेली मागणीच. नवी पदवी सुरू करणाऱ्या विभागानं ते कधी मागितल्याचं मी पाहिलं नाही, ग्रंथालयांनीही ते आपणहून पुढे ठेवले नाहीत. दोघांनीही हे बदलावं.

उलट बाजूनंही सावध राहायला हवं. मंजुरीच्या घाईत मिळालेल्या एकरकमी निधीतून दिसेल ते पुस्तक घेणं हा उपाय नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असं आढळलं की १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं पुढच्या सहा वर्षांत एकदाही कुणी घरी नेली नव्हती. खरेदी किती झाली यापेक्षा विषयपत्रिकेला धरून झाली का, हे पाहावं. पदवीच्या पातळीला शिक्षणापुरता संग्रह लागतो, पीएचडीला संशोधनाचा. संग्रहाची पातळी शून्य ते पाच अशी ठरवणारी कॉन्स्पेक्टस पद्धत १९८० च्या सुमारापासून वापरात आहे. तिच्यात पदवीसाठी तिसरी पातळी गाठली तरी चालते. सगळं काही असलंच पाहिजे, असा हट्ट माझ्यासारख्या ग्रंथालयातल्या माणसानंही धरू नये.

पण जे ठरेल त्यासाठी पैसे दरवर्षी लागतात, हे मंजुरी देणाऱ्यांनी लक्षात घेतलं पाहिजे. प्रयोगशाळेचं सूक्ष्मदर्शक एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं. नियतकालिकाची वर्गणी थांबली की करारात तशी तरतूद नसेल तर जुने अंकही बंद होतात. प्रस्तावात ग्रंथालयाचा खर्च बहुधा पहिल्या वर्षाच्या अनावर्ती, म्हणजे एकदाच होणाऱ्या खर्चाच्या, रकान्यात लिहिलेला असतो. दुसऱ्या वर्षी तो ग्रंथालयाच्या सर्वसाधारण तरतुदीवर पडतो आणि मग कुठल्या तरी जुन्या विभागाचं नियतकालिक बंद करून नव्याची वर्गणी भरावी लागते. ज्यांचं नियतकालिक बंद झालं त्यांना कारणही कळत नाही. एका विभागाच्या पदवीची किंमत दुसऱ्या विभागाच्या विद्यार्थ्यांनी मोजावी, हा उघड अन्याय आहे.

माझी विद्यापीठांकडे मागणी अशी आहे. नव्या पदवीचा प्रस्ताव विद्यापरिषदेपुढे ठेवण्यापूर्वी किमान तीन महिने अभ्यासक्रम ग्रंथपालांच्या हाती द्यावा. त्यांचा अहवाल विषयपत्रिकांनुसार असावा आणि ‘संग्रह अपुरा आहे’ असं लिहिण्याची मोकळीक त्यांना असावी. जे अपुरं आहे ते किती काळात, कोणत्या आवर्ती तरतुदीतून भरून काढणार, हे विभागप्रमुखांनी त्याखाली सहीनिशी लिहून द्यावं. हा अहवाल संकेतस्थळावर प्रवेशाच्या माहितीशेजारी ठेवावा, म्हणजे अर्ज भरण्याआधी मुलांना आणि पालकांना तो वाचता येईल.

आपल्या बातमीदारांनाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी एखाद्या नव्या विज्ञान पदवीची घोषणा होईल तेव्हा कुलगुरूंना एवढं जरूर विचारावं: तिसऱ्या वर्षाची नियतकालिकांची वर्गणी कोणत्या लेखाशीर्षातून जाणार आहे?

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल