पानं लावणारं सॉफ्टवेअर निवडताना कटिंग मशीनपासून सुरुवात करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान छापखाने डिजिटल होत आहेत, या विषयावरचा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. मशीनची किंमत, बँकेचं कर्ज, कागदाचे वाढते भाव, सगळं त्यात आलं. पण ज्या एका गोष्टीवर आमचा मोठा जॉब तरतो किंवा बुडतो, तिचा उल्लेख राहून गेला. ती म्हणजे इम्पोझिशन, आमच्या बोलीत ‘पानं लावणं’: छापलेला मोठा कागद घडी घालून किंवा कापून झाल्यावर पानं बरोबर क्रमाने येतील अशी त्यांची कागदावरची मांडणी. मशीन घेताना माणूस दहा ठिकाणी चौकशी करतो आणि पानं लावणारं सॉफ्टवेअर मात्र विक्रेता देईल ते घेतो. मीही तेच केलं होतं, म्हणून हे पत्र.

माझे सासरे, अण्णा, सांगलीत खिळ्यांच्या काळापासून छापखाना चालवत. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला सगळ्यात आधी सोळा पानी फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापायची सोळा पानं, लावायला शिकवला. रद्दीतला एक कागद घ्यायचा, तीन घड्या घालायच्या, कोपऱ्यांवर पेन्सिलीने ओळीने आकडे टाकायचे आणि कागद उलगडायचा. एका बाजूला १ शेजारी १६, ४ शेजारी १३, ५ शेजारी १२, ८ शेजारी ९. मागच्या बाजूला २ आणि १५, ३ आणि १४, ६ आणि ११, ७ आणि १०. प्रत्येक जोडीची बेरीज १७. “बेरीज चुकली तर प्लेट करायची नाही,” असा त्यांचा दंडक होता. आजही नवीन मुलगा कामाला आला की मी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवण्याआधी कागदाची घडी घालायला लावते. ज्याला अशी घडीची डमी (नमुना) करता येत नाही, त्याला सॉफ्टवेअरची चूक स्क्रीनवर दिसत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी छापखान्यात शिरलं. ऑफसेट मशीन, कागदाच्या रीमा, जुने फर्मे, सगळं गेलं. त्यातून सावरताना आम्ही डिजिटल मशीन घेतलं आणि कामाचं स्वरूपच बदललं. ऑफसेटला एकदा फर्मा बरोबर लागला की पाच हजार शीट एकसारख्या निघतात. डिजिटलवर मोठा जॉब म्हटला की बहुतेक वेळा प्रत्येक शीट वेगळी असते, कुठे नाव बदलतं, कुठे नंबर, कुठे रक्कम. इथे पानं लावण्यातली चूक एका फर्म्यापुरती राहत नाही, ती शेवटच्या शीटपर्यंत जाते.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एका शालेय स्पर्धेची १२,००० प्रमाणपत्रं आमच्याकडे आली. ए५ आकार, ३०० जीएसएम आर्ट कार्ड, तेरा बाय एकोणीस इंचांच्या शीटवर चार, म्हणजे ३,००० शीट. तालुक्यानुसार आणि तालुक्यात शाळेनुसार गठ्ठे बांधून द्यायचे होते, आणि आलेली यादी त्याच क्रमाने होती. सॉफ्टवेअर नुकतंच घेतलं होतं. विक्रेत्याने त्याच्या लॅपटॉपवर आठ पानांची पुस्तिका दोन मिनिटांत लावून दाखवली होती आणि मी त्यावर भाळले होते.

त्या सॉफ्टवेअरने पहिल्या शीटवर १, २, ३, ४ लावले, दुसरीवर ५, ६, ७, ८. स्क्रीनवर अगदी ओळीत दिसत होतं. शीट कापल्यावर चार थप्प्या झाल्या आणि पहिल्या थप्पीत १, ५, ९, १३ असे नंबर आले. सगळा क्रम मोडला. चार थप्प्यांतून एकेक प्रमाणपत्र उचलत पुन्हा ओळ लावायची, असं १२,००० वेळा. आम्ही सहा जणांनी दोन रात्री बसून ते केलं. आर्ट कार्ड एकमेकांना चिकटतं, एकाऐवजी दोन उचलली जातात. बक्षीस समारंभाच्या दिवशी जत तालुक्यातल्या एका शाळेच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या एका मुलीचं प्रमाणपत्र गठ्ठ्यात नव्हतं, बाकी सगळ्यांची नावं पुकारली गेली होती. ते दुसऱ्याच शाळेच्या गठ्ठ्यात सापडलं. मी ते स्वतः नेऊन दिलं, पण समारंभ होऊन गेला होता. ती सातवीतली मुलगी माझ्या अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

अशा कामाची बरोबर पद्धत आहे, तिला ‘कट अँड स्टॅक’ म्हणतात. आता आम्ही २०० शीटचा एक गठ्ठा धरतो, कारण त्या जाडीच्या कार्डाच्या २०० शीट साधारण ६ सेंटीमीटर भरतात आणि आमच्या कटिंग मशीनच्या दाबाखाली एका वेळी बसतात. पहिल्या शीटवर १, २०१, ४०१, ६०१. दुसरीवर २, २०२, ४०२, ६०२. गठ्ठा कापला की चारही थप्प्या एकीवर एक ठेवायच्या, १ ते ८०० सलग तयार. असे १५ गठ्ठे झाले की १२,००० पूर्ण. सगळ्या ३,००० शीटचा एकच हिशेब धरला तर पहिल्या शीटवर १, ३००१, ६००१, ९००१ येतात आणि शेवटची शीट निघेपर्यंत एकही शाळा बांधून होत नाही. मशीनमधून शीट उताणी पडते की पालथी, यावरही थप्पीचा क्रम उलटतो, तेही आधी पाहावं लागतं. ही गठ्ठ्यांची सोय मी घेतलेल्या आवृत्तीत नव्हतीच. ती महागड्या आवृत्तीत आहे, हे मला काम बिघडल्यावर कळलं.

म्हणून माझं सांगणं असं की, सॉफ्टवेअर निवडताना विचार कटिंग मशीनपासून उलटा करावा. तुमच्या दाबाखाली किती शीट बसतात, घडी कुठली घालणार, पिन मारणार की परफेक्ट बाइंडिंग (पाठीला गोंद लावून) करणार, हे आधी लिहून काढा आणि मग सॉफ्टवेअरला ते जमतं का पाहा. दुसरं, शीट अडकणारच. अडकलेली १४१२ नंबरची एकच शीट पुन्हा काढता येते का? कापून जाणाऱ्या कडेच्या पट्टीत गठ्ठा क्रमांक आणि शीट क्रमांक आपोआप छापला जातो का? हे नसेल तर एका अडकलेल्या शीटमागे चार नावं गायब होतात आणि कोणती गेली ते शोधायला अख्खा दिवस लागतो. ६४ पानांच्या स्मरणिकेला सेंटर पिन असेल तर आतली पानं दीड-पावणेदोन मिलिमीटर बाहेर सरकतात. ती सरक सॉफ्टवेअरने पानागणिक धरली पाहिजे. हे बहुतेकांना जमतं, पण तपासून घ्या.

फाइलच्या आकारावर मात्र मी जास्त बोलेन, कारण विक्रेता यावर कधी बोलत नाही. प्रमाणपत्राची नक्षी आणि बोधचिन्ह सगळ्यांवर सारखंच असतं. चांगलं सॉफ्टवेअर ते फाइलमध्ये एकदाच ठेवतं आणि १२,००० वेळा तिथूनच उचलतं. आमच्याकडे ते प्रत्येक पानाला नव्याने चिकटवलं गेलं. साडेतीनशे एमबीची फाइल पानं लावल्यावर ८ जीबीच्या पुढे गेली आणि मशीनचा कंट्रोलर, म्हणजे फाइल छपाईसाठी तयार करणारा कॉम्प्युटर, तासन्‌तास ती उघडत बसला. नाव-नंबर बदलणाऱ्या छपाईसाठी पीडीएफ/व्हीटी नावाचं आंतरराष्ट्रीय मानक २०१० पासून आहे. सॉफ्टवेअर ते ओळखतं का, हा प्रश्न विक्रेत्याला सरळ विचारावा.

आणि आपली देवनागरी. आपल्याकडे अजून कितीतरी मजकूर जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये येतो. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट फाइलच्या आतच साठवलेला (एम्बेड) नसेल आणि पानं लावताना सॉफ्टवेअरने दुसरा फॉन्ट घातला, तर ‘ज्योत्स्ना’च्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग येते. अ‍ॅक्रोबॅटमध्ये फाइलचे गुणधर्म उघडून फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ लिहिलं आहे का, ते पानं लावण्याआधी आणि लावल्यानंतर, दोन्ही वेळा पाहा. चाचणीसाठी मी मुद्दाम ज्योत्स्ना, ऋग्वेदा, हृषीकेश, कऱ्हाडकर अशी नावं घालते. जोडाक्षर आणि ‘ऱ्ह’ टिकला तर पुढे जायचं.

सॉफ्टवेअरचं नाव सांगा, असे मुद्रकांचे फोन येतात. दिवसाला पाच-सहा वेगवेगळे जॉब करणाऱ्या छापखान्याला क्वाइट इम्पोझिंगसारखं अ‍ॅक्रोबॅटच्या आत बसणारं साधन पुरतं, केलेलं लगेच डोळ्यांनी दिसतं. रोज एकाच साच्याचं काम असेल तर अल्टिमेट इम्पोस्ट्रिपसारखं, ठरवून दिलेल्या (हॉट) फोल्डरमध्ये फाइल टाकली की आपोआप पानं लावणारं पाहावं. ऑफसेट आणि डिजिटल दोन्ही सांभाळणाऱ्यांकडे कोडॅक प्रेप्स दिसतं. मशीनच्या कंट्रोलरसोबत येणारं सोयीचं असतं, पण उद्या मशीन बदललं तर आपले बांधलेले साचे सोबत येतील का, हे लेखी विचारून घ्यावं.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडे माझी आपल्या दैनिकामार्फत एकच मागणी आहे. पैसे घेण्याआधी आमची सगळ्यात अवघड फाइल, आमच्या मशीनवर, कापून थप्पी लावेपर्यंत चालवून दाखवा. आणि पुणे विद्यार्थी गृहाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुद्रण अभियांत्रिकी शिकवतात, मुंबईत शासकीय मुद्रण तंत्र संस्था आहे. त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन दोन दिवसांचा इम्पोझिशनचा वर्ग घ्यावा. जागा आणि चहा-जेवण आम्ही मुद्रक देऊ.

तीच प्रमाणपत्रं यंदाही आमच्याकडे आली आहेत, आयोजकांनी विश्वास ठेवला. पहिला गठ्ठा सोमवारी मशीनवर जाईल आणि जत तालुका सगळ्यात आधी बांधून होईल. कुणा मुद्रकाला थप्पी कशी लागते ते पाहायचं असेल तर जरूर यावं.

आपली विश्वासू,
एक छापखानाचालक, सांगली