गॉब्लिनांची भावकी आणि माझे चिंचोके

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

'सुट्टीत सोसायटीतली पोरं भुताखेतांची चित्रं असलेले पत्ते कुटत बसतात' अशी तक्रार एका वाचकाने याच सदरात केली होती. आमच्या सोसायटीनेही पत्ते म्हणजे जुगार असं ठरवून हॉल द्यायला नकार दिला आणि तेव्हापासून दर रविवारी दुपारी माझा नातू धरून चार पोरं माझ्या जेवणाच्या टेबलावर जमतात. त्यामुळे या विषयावर चार शब्द लिहायचा हक्क मला पोचतो.

खेळाचं नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. १९९३ साली तो अमेरिकेत आला. रचणारे रिचर्ड गारफील्ड गणिताचे. त्याच वर्षी त्यांना पीएचडी मिळाली, तीही कॉम्बिनेटोरिक्समध्ये, म्हणजे आपल्या क्रमचय-संचयाच्या थोरल्या बहिणीत. चौतीस वर्षं फळ्यापुढे काढलेल्या बाईला आणखी काय हवं? पोरं खेळतात त्या प्रकाराला 'कमांडर' म्हणतात. एका डावात चौघं, प्रत्येकाचा १०० पत्त्यांचा संच (त्याला डेक म्हणतात), जमिनीचे साधे पत्ते (त्यांतून बाकीचे पत्ते खेळायची शक्ती, म्हणजे 'मॅना', मिळते) सोडले तर एकही पत्ता दोनदा घ्यायचा नाही, आणि प्रत्येकाचं आयुष्य ४० चं. शंभरातला एक सरदार. तो सगळ्यांदेखत बाजूला ठेवायचा आणि उरलेले ९९ त्याला साजेसे जमवायचे.

साजेसे म्हणजे पुष्कळदा एकाच जातीचे जीव. कुणाचे ड्रॅगन, कुणाचे झॉम्बी, माझ्या नातवाचे गॉब्लिन. (गॉब्लिन म्हणजे आपल्याकडचं कोण, यावर आमचं एकमत नाही. मी मुंजा म्हटलं, तर तो म्हणाला, "आजी, मुंजा पिंपळावर एकटा असतो, हे टोळीने येतात.") अशा डेकला मुलं 'ट्रायबल' म्हणायची. मी उमेदीची चार वर्षं जव्हारकडच्या आश्रमशाळेत शिकवलेली, मला तो शब्द खुपायचा. खेळ काढणाऱ्या कंपनीनेच २०२३ मध्ये पत्त्यांवरचा तो शब्द काढून 'किंड्रेड' केला. मी त्याला 'भावकी' म्हणते. एकत्र आली तर कुणाला ऐकत नाही, हा गुणही जुळतो.

नातवाचा सरदार क्रेन्को. त्याचा पत्ता आडवा केला की तुमच्याकडे जितके गॉब्लिन असतील तितकेच नवे येतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. या नव्यांना टोकन म्हणतात आणि ती दाखवायला काहीही चालतं, म्हणून मी चौकाबाऱ्याचा डबा काढून दिला. त्यात साठेक चिंचोके होते. दिवाळीच्या सुट्टीतल्या एका डावात क्रेन्को सहाव्यांदा आडवा झाला, ६३ चिंचोके लागले, आणि मला हरभऱ्याची बरणी काढावी लागली. बत्तीस झाले तेव्हाच कुणावर तरी चालून जा, असं मी डोळ्यांनी खुणावत होते. पण चौघांच्या खेळात गोम ही, की एकाला मारलं तर बाकीचे दोघं तुमच्यावर उलटतात, म्हणून हा थांबला. शेजारच्या मुलीचा डेक मांजरांचा, २०१७ च्या चार तयार डेकांपैकी एक, तिने त्यात वरून भर घातलेली. तिने शांतपणे 'रॅथ ऑफ गॉड' टाकला. चार मॅनाचा पत्ता, पण टेबलावरचे सगळे जीव एका झटक्यात खलास, तिच्या सहा मांजरांसकट. नातू पाच मिनिटं बोलला नाही. मग हरभरे बरणीत भरू लागला.

तक्रारीतली एक गोष्ट मात्र मला मान्य आहे. पत्त्यांची बंद पाकिटं म्हणजे लॉटरीच. आत काय निघेल सांगता येत नाही आणि पोरांचा खाऊचा पैसा त्यात जातो. माझ्या घरी नियम आहे: बंद पाकीट घ्यायचं नाही. तयार डेक घ्या किंवा हवा तोच सुटा पत्ता घ्या. इथेच एका जातीचा डेक मला बरा वाटतो. कोणता पत्ता हवा आणि कोणता नको, हे नवख्यालाही कळतं, नुसता महाग आहे म्हणून कुणी काही घेत नाही. शिवाय हिशेब लागतो. ९९ पत्त्यांत तीस गॉब्लिन असतील तर पहिल्या सात पत्त्यांत सरासरी किती येतील? नातवाने तोंडी सांगितलं, दोनाहून जरा जास्त. त्रैराशिक शाळेत चुकवणारा मुलगा हा!

सोसायटीला मी रविवारी दोन ते पाच हॉल मागणारा अर्ज पुन्हा दिला आहे, सोबत खेळाचे नियम मराठीत लिहून. आपल्याला विनंती अशी की रविवारच्या कोड्यांच्या पानावर बुद्धिबळ आणि ब्रिजशेजारी या खेळालाही एक चौकट द्यावी. पहिलं कोडं मीच देते: क्रेन्को धरून तीन गॉब्लिन आहेत. त्याला किती वेळा आडवा केला की एकूण संख्या शंभर ओलांडेल? मध्ये कुणी 'रॅथ ऑफ गॉड' टाकत नाही, असं धरावं.

— एक निवृत्त गणित शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)