पोट भरतं का, विचारलंस म्हणून

इंडियानापोलिस,
ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मनूनं बास्केटबॉल खेळणाऱ्या केटलिन क्लार्कचं पोस्टर लावलंय म्हणालीस आणि लगेच विचारलंस, "यावर पोट भरतं का रे?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

ही पोरगी इथल्या आयोवा राज्याची, जन्म २००२ चा. कॉलेजात ३,९५१ गुण केले. इथल्या अव्वल श्रेणीच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये मुलांनाही तेवढे जमलेले नाहीत. २०२४ मध्ये बायकांच्या व्यावसायिक लीगच्या (WNBA) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नव्या खेळाडू निवडतात त्यात, आमच्या इंडियाना फीव्हर संघानं तिला सगळ्यांत पहिली निवडली. पहिल्या वर्षाचा पगार किती? ७६,५३५ डॉलर. पुरुषांच्या लीगमध्ये पहिला निवडलेला पोरगा कोटभर डॉलरच्या वर घेतो! तिला खरा पैसा जाहिरातींतून मिळतो, पण तिच्याएवढ्या जाहिराती कितीजणींना मिळणार? त्या वर्षी संघ बारा, एका संघात फार तर बाराजणी. म्हणजे साऱ्या लीगमध्ये जागा १४४. ड्राफ्टमध्ये नाव आलेल्या कितीतरी मुली सराव शिबिरातूनच परत जातात.

आणि दुखापती. कॉलेजात आणि पहिल्या मोसमात तिचा एकही सामना चुकला नव्हता. यंदा ४४ पैकी १३ च खेळली. आधी मांडी, मग जांघ. जुलैनंतर साध्या कपड्यांत बेंचवर बसून ओरडत होती. तिच्याशिवाय संघ उपांत्य फेरीत गेला, लास वेगासशी पाचव्या सामन्यात जादा वेळेत हरला. आमच्या ऑफिसात दोन दिवस सुतक होतं.

मनूला सांग, तिचे लांबून मारलेले तीन गुण सगळेच बघतात, तू पास बघ. पहिल्याच मोसमात ३३७ असिस्ट, म्हणजे तिच्या पासवर सहकाऱ्यांनी केलेले बास्केट; एका सामन्यात १९. दोन्ही तेव्हा लीगचे विक्रम ठरले. तिची सहखेळाडू अलिया बॉस्टन बास्केटखाली वळेपर्यंत बॉल हातात आलेला असतो. हे टीव्हीवर अर्धंच कळतं.

क्लार्कनं मार्केटिंगची पदवी पुरी केली, हेही तिच्या कानावर घाल. आपल्याकडे निदान रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळते, आणि बायकांच्या बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा दबदबा आहेच. पोस्टरच लावायचं तर आपल्या पुण्याच्या शिरीन लिमयेचंही लाव म्हणावं, भारताची कर्णधार होती ती. तेव्हा खेळू दे तिला, फक्त बारावीच्या वर्षात क्लास बुडवू देऊ नकोस.

तिच्या बुटाचा नंबर कळव. डिसेंबरात ऑफिसातला एकजण पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
अभि