सोन्याचं मेडल एकच असतं, आणि त्यावर गरुड नसला तरी चालतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'सिक्स ट्रिपल एट'वर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या ब्लॅक महिलांच्या टपाल बटालियनवर छोटा लेख आला होता. लेख छान, फोटो तर फारच छान, पण एक वाक्य खटकलं म्हणून लिहितोय. "या साऱ्या ८५५ महिलांना अमेरिकी काँग्रेसनं सुवर्णपदकं दिली" असं छापलंय. अहो नाही दिली, एकच दिलं. हे काँग्रेशनल गोल्ड मेडल जेव्हा अख्ख्या तुकडीला देतात ना तेव्हा सोन्याचं एकच पाडतात, आणि बाकी सगळ्यांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि तुमच्या-माझ्यासाठी ब्राँझच्या प्रती काढतात, एक मोठी ३ इंची आणि एक दीड इंची, त्या टांकसाळ पैसे घेऊन विकते. टस्कीगी एअरमन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकेचे ब्लॅक वैमानिक, त्यांना मिळालेलं सोन्याचं मेडल वॉशिंग्टनला स्मिथसोनियन म्युझियमकडे आहे, त्या म्हाताऱ्या वैमानिकांनी घरी नेलं ते ब्राँझ. त्यात कमीपणा काही नाही, ब्राँझवर छाप उलट जास्त चांगली उठते हे मी स्वतः सांगतो कारण मी ३२ वर्षं धोबी तलावला मेडल-ट्रॉफीच्या धंद्यात काढलीत, पण चूक ती चूक.

आता पत्र लिहायला घेतलंच आहे तर पुढचंही सांगतो, लांबलं तर कापा.

माझ्या पुतणीची मुलगी न्यू जर्सीत एडिसनला सातवीत आहे. तिकडे फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथ असतो, त्यात शाळेनं प्रोजेक्ट दिला की ब्लॅक सैनिकांच्या स्मरणार्थ एक मेडल डिझाइन करा. आईनं सांगितलं डोंबिवलीच्या आजोबांना विचार, त्यांचा जन्म त्यात गेलाय. मग रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर पहिलं स्केच आलं. गरुड. त्याच्या मागे झेंडा, खाली तुटलेली साखळी, बाजूला रणगाडा, वर पाच तारे आणि गोल कडेनं इंग्रजीत शौर्य, त्याग, सन्मान, एकता. मी म्हटलं अगं यात ब्लॅक सैनिक कुठाय? तर म्हणे, "आजोबा, साखळी आहे ना!"

मला हसू आलं पण तिची चूक नाही हो. आमच्या दुकानात येणारी मोठी माणसंसुद्धा हेच करायची. एका संस्थेला सुवर्णमहोत्सवाचं मेडल हवं होतं, अडीच इंचाचं, त्यावर संस्थापकांचा फोटो, इमारत, देऊळ, ज्योत, पुस्तक, स्थापनेचं साल आणि ऑफिसचा फोन नंबर. आमच्या कारागिरानं कागद उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, साहेब पिनकोड राहिला का?

तर माझं म्हणणं एवढंच आहे की मेडल म्हणजे पोस्टर नव्हे. तळहातावर मावणारी चकती आहे, तिच्यावर एक माणूस आणि त्याचं एक काम दिसलं तर पुष्कळ झालं. आणि दुसरी गोष्ट, जी आम्हाला धंद्यात रोज दिसते पण लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे मेडलवर काळा-गोरा रंगच नसतो! सगळं एकाच धातूचं. वर अँटिक फिनिश केलं की आधी अख्खं मेडल काळं करायचं आणि मग बफवर धरायचं, उठावाचा भाग चमकतो आणि खोलात काळं राहतं, म्हणजे नाक, कपाळ, गाल सगळं चकचकीत उजळ आणि मागची जमीन काळी. मग हा माणूस कोण हे सांगायचं कसं? चेहऱ्याच्या ठेवणीनं, केसांनी, टोपीनं, हातात काय धरलंय त्यानं. आळशी कारागीर असला की जाड ओठ काढून मोकळा होतो, ते तर अपमानच करणं झालं. खरा चेहरा समोर ठेवून मातीत नाहीतर प्लास्टरमध्ये मोठा उठाव करायचा, मग तो मशिनवर लहान करत आणायचा आणि मग डाय म्हणजे ठसा, अशी ती लाईन आहे, आणि पहिल्या पायरीला चेहरा खोटा असेल तर पुढे कितीही टनाचा प्रेस लावा तो खोटाच उठणार.

हे काम नीट झाल्याची उदाहरणं आहेत. सगळ्यात जुनं मला आवडणारं म्हणजे बटलर मेडल. अमेरिकेचं यादवी युद्ध, २९ सप्टेंबर १८६४, रिचमंडजवळ न्यू मार्केट हाइट्स. ब्लॅक पलटणींनी आडव्या टाकलेल्या झाडांच्या अडथळ्यातून घुसून ती जागा घेतली, माणसं खूप पडली. त्यातल्या १४ ब्लॅक सैनिकांना पुढे मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक मिळालं. लक्षात घ्या की त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत गोऱ्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर आणि यांना १०, त्यातूनही ३ कपड्यांचे कापून, असा कारभार होता. त्यांचा जनरल बेंजामिन बटलर, त्यानं स्वतःच्या खिशातून चांदीची साधारण २०० मेडलं करून घेतली, डिझाइन केलं अँथनी पाकेनं, तो टांकसाळीतला एनग्रेव्हर, आणि पाडली टिफनीकडे, तीच ती दागिनेवाली. आणि त्यावर काय आहे? जनरलचा फोटो नाही! दोन ब्लॅक सैनिक बुरुजावर चढून जातायत, बस. वर लॅटिनमध्ये लिहिलंय की तलवारीच्या जोरावर त्यांना स्वातंत्र्य मिळेल. आपल्याकडे पैसे देणाऱ्याचा फोटो मेडलवर नसेल असं होईल का सांगा, मी ३२ वर्षांत तरी पाहिलेलं नाही.

बरं, ही गोष्ट आपल्याला परकी आहे असंही नाही. त्या लढाईनंतर नऊ वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिकडच्या लोकांना. पुण्यात बसून त्या माणसाची नजर कुठपर्यंत होती बघा. आणि बिल्ल्याचंच म्हणाल तर आपल्या महार रेजिमेंटचा टोपीवरचा बॅज घ्या. इंग्रजांनी १८९० च्या सुमारास महारांची भरती बंद केली, गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकानं अर्ज केले, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली बेळगावला रेजिमेंट उभी राहिली, तिच्या पहिल्या बॅजवर कोरेगावचा स्तंभ होता, युद्धानंतर त्यात दोन मशिनगन आल्या. पुढे स्तंभ जाऊन खंजीर आला. खंजीर दिसायला छान आहे पण खंजीर कुणाच्याही बॅजवर चालतो, स्तंभ फक्त त्यांचाच होता. डिझाइनमध्ये मी ह्यालाच फरक म्हणतो.

टस्कीगीचं मेडल आलं २००७ साली. ते मी पोरीला मुद्दाम झूम करून दाखवलं कारण त्यावर तीन चेहरे आहेत, एक ऑफिसर, एक मेकॅनिक आणि एक पायलट. मेकॅनिक! हवाईदलाच्या गोष्टीत आपण नेहमी पायलट पायलट करतो पण खाली पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन रात्रभर विमानाखाली झोपणारा माणूस मेडलवर आणला हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. (गरुड तिथेही आहे, पण तो मागे आहे.) समारंभात राष्ट्राध्यक्ष बुशनी त्या म्हाताऱ्यांना स्वतः सॅल्यूट केला, का तर त्यांच्या तरुणपणी त्यांनी केलेल्या सॅल्यूटला गोरे लोक उत्तरच देत नसत म्हणून.

मग नातीनं विचारलं की पहिल्या महायुद्धाचं घेऊ का, हार्लेम हेलफायटर्सचं, कारण शाळेतल्या निम्म्या पोरांनी तेच घेतलंय. म्हटलं घे पण हेल्मेट बघून काढ. ती पलटण, ३६९ वी, अमेरिकन असूनही लढली फ्रेंचांच्या हाताखाली, कारण आपल्याच गोऱ्या सैन्याला ती शेजारी नको होती. फ्रेंचांनी त्यांना आपल्या बंदुका आणि आपली हेल्मेटं दिली, १९१ दिवस ते आघाडीवर होते. आता अमेरिकन हेल्मेट म्हणजे उलट्या थाळीसारखं पसरट आणि फ्रेंच हेल्मेटला डोक्यावर पुढून मागे कंगोरा असतो. मेडलवर थाळी काढलीत की अख्खी गोष्टच गेली! कंगोरा काढला की बघणारा विचारणार, अमेरिकन माणसाच्या डोक्यावर हे फ्रेंच काय आहे, आणि तिथून त्याला सगळं सांगता येतं. दोन मिलिमीटरचा कंगोरा आहे हो. त्याच पलटणीतला हेन्री जॉन्सन, रात्रीच्या हल्ल्यात जखमी होऊनही चाकूनं लढला, फ्रेंचांनी लगेच क्र्वा द गेर हे आपलं शौर्यपदक दिलं आणि स्वतःच्या देशानं मेडल ऑफ ऑनर दिलं २०१५ ला, माणूस १९२९ लाच गेलेला.

उशिराचं हे नेहमीचंच आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी एकाही ब्लॅक सैनिकाला मेडल ऑफ ऑनर नव्हतं, ते १९९७ ला एकदम सात जणांना दिलं आणि त्यातला एकच जिवंत होता, व्हर्नन बेकर. १९९८ ला स्वातंत्र्ययुद्धातल्या ब्लॅक लोकांसाठी चांदीचा डॉलर काढला, क्रिस्पस ॲटक्सचा, १७७० ला बोस्टनला गोळीबारात पडला तो, आणि त्याच्या विक्रीतून स्मारक बांधायचं होतं, नाणं निघालं पण स्मारक झालंच नाही. ॲटक्सचं समोर बसून काढलेलं एकही चित्र नाही, म्हणजे तो चेहराही कल्पनेचाच. नाणं करणाऱ्याची काय पंचाईत झाली असेल ते आम्हालाच कळेल.

शेवटी पोरीनं घेतलं तुमच्याच लेखातलं सिक्स ट्रिपल एट. म्हटलं शाब्बास, पण आता बायका काढताना हातात बंदुका देऊ नकोस, त्यांचं काम वेगळंच होतं. फेब्रुवारी १९४५ ला त्या इंग्लंडात बर्मिंगहॅमला पोचल्या तर गोदामं पत्रांनी छतापर्यंत भरलेली, खिडक्या ब्लॅकआऊटसाठी रंगवलेल्या, हीटिंग नाही, घरून आलेल्या केकमध्ये उंदीर. मेजर चॅरिटी ॲडम्स त्यांच्या प्रमुख. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या लावल्या, सत्तर लाखांच्या आसपास सैनिकांची कार्डं ठेवली, कारण नुसते रॉबर्ट स्मिथ नावाचेच ७५०० सैनिक होते आणि काही पाकिटांवर तर फक्त "ज्युनियर, यूएस आर्मी" एवढाच पत्ता. सहा महिन्यांचं काम तीन महिन्यांत उरकलं, मग फ्रान्सला रूआँला तेच. मेडल आलं एप्रिल २०२५ ला, तोवर बहुतेक जणी गेलेल्या.

तर तिचं दुसरं स्केच आलं. एक बाई, डोक्यावर डब्ल्यूएसीची म्हणजे अमेरिकी लष्कराच्या महिला दलाची टोपी, अंगात कोट कारण थंडी आहे, एका हातात पाकीट आणि दुसऱ्या हाताची बोटं कार्डांच्या खणात. गरुड गेला. तारे गेले. मी एकच दुरुस्ती सांगितली की बोटं थोडी जाड कर, इतकी बारीक बोटं प्रेसवर उठत नाहीत, चपटी होतात, आणि खणातली कार्डं पंधरा-वीसच काढ पण कडा सरळ ठेवू नकोस, वापरलेली कार्डं कधी सरळ नसतात.

मग ती म्हणाली, "आजोबा, पाकिटावर पूर्ण पत्ता लिहू?" मी हिशेब केला, दीड इंची मेडलवर पाकीट येणार फार तर ८ मिलिमीटर, त्यात दोन ओळी म्हणजे अक्षरं नव्हे मुंग्या. म्हटलं फक्त 'ज्युनियर' लिही. ती म्हणाली पण मग लोकांना कळणार कसं हा कोण ज्युनियर? म्हटलं अगं त्या बाईलाही तेच शोधायचंय ना.

असो. ती "सुवर्णपदकं"ची दुरुस्ती तेवढी पुढच्या रविवारी छापा, आणि जमलं तर मेडलचा फोटो दोन्ही बाजूंचा द्या, आपल्याकडे नेहमी एकच बाजू छापतात आणि मागची बाजू बघायला माझ्यासारख्याला भिंग घेऊन नेटवर बसावं लागतं.

आपला,
एक जुना वाचक (आणि रिटायर्ड मेडलवाला), डोंबिवली पूर्व