मेलेलं वांदर लपवू नका, माणसाचं नाव लपवा

पुणे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचा फोन झाल्यापासून चैन नाही. काकी माकडतापातून उठून घरी आली, देवाची कृपा. पण तिच्या रिपोर्टचा फोटो नावानिशी, वाडीनिशी गावच्या ग्रुपवर फिरला, आणि आता वेंगुर्ल्याहून येणारी मासळीवालीसुद्धा तिच्या दारात पाटी उतरवत नाही, हे ऐकून फार वाईट वाटलं.

हा ताप माणसापासून माणसाला होत नाही, गोचीड चावून होतो. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा सापडला. मग तिला वाळीत टाकून कोण वाचणार? गावाला कळायला हवं ते वांदर कुठे मेलं. मेलेल्या वांदराच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच पातेऱ्यात पसरतात. आणि नेमकं तेच लोक दडवतात. आरोग्य खात्याची माणसं आली की बागेत जाणं बंद, आणि ऐन हंगामात काजी झाडाखाली राहणार!

ही भीती खोटी नाही. डिसेंबर ते मे हे या तापाचे महिने, त्यातच काजूचा हंगाम. 'बागेत जाऊ नका' म्हणून सांगणं सोपं, पण रोजावर जगणाऱ्या बाईने चूल कशावर पेटवायची? बाग बंद राहील तेवढ्या दिवसांची मजुरी बागवाल्यांनी द्यावी, सुरुवात आपण करू. आई, पैसे मी पाठवते. हे उपकार नव्हेत, काकी आपल्याच बागेत राबताना आजारी पडली.

कोरोनात घरांवर पाट्या लागल्या, तेव्हा लोक तपासणीलाच जाईनात. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की खास आदेशाशिवाय अशा पाट्या लावू नका. काकीचे हाल बघून उद्या ताप आलेला दुसरा कोणी आरोग्य केंद्रात जाईल का? अंगावर काढील, आणि या तापात माणसं दगावतात हो.

बाबा, ग्रामसभेत तुमचा शब्द मानतात. तो फोटो काढायला लावा. वांदर मेलेलं दिसलं तर हात न लावता त्याच दिवशी कळवायचं, एवढं ठरवून घ्या.

आई, तू काकीकडे जाऊन बस, चार बायकांच्या देखत. आणि दोघांनीही गोचिडी दूर ठेवणारं तेल लावल्याशिवाय, अंगभर कपड्यांशिवाय बागेत पाऊल टाकायचं नाही. आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडेही कढत पाण्यात. बाबा कंटाळा करतात, तू लक्ष ठेव.

तुमची लेक