नवख्या उमेदवाराला ‘इतर’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत माझ्या मतदारसंघातून उभ्या राहिलेल्या एका अपक्ष उमेदवाराच्या अर्जावर सूचक म्हणून ज्या दहा मतदारांनी सह्या केल्या, त्यांपैकी मी एक होतो. उमेदवार पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता होते. त्यापूर्वी त्यांनी ग्रामपंचायतीचीही निवडणूक लढवलेली नव्हती आणि कोणत्याही पक्षाचे ते कधी सभासद नव्हते. त्यांची अनामत रक्कम जप्त झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मतदारांनी दिलेला कौल तो कौलच. मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी एका दैनिकात आमच्या मतदारसंघाचा तक्ता आला, त्यात पहिल्या तिघांची नावे होती आणि चौथ्या ओळीत ‘इतर’ एवढाच एक शब्द होता. त्या एका शब्दात किती माणसांचे किती महिन्यांचे श्रम पुसले गेले, हे जवळून पाहिल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

लोकसभेसाठी उभे राहण्याची राज्यघटनेने घातलेली अट फार मोठी नाही. उमेदवार भारताचा नागरिक असावा आणि त्याचे वय किमान २५ वर्षे असावे. देशातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलेल्या मतदाराला सर्वसाधारण जागेवरून अर्ज भरता येतो. कागदावर हे दार सताड उघडे आहे. प्रत्यक्षात आत शिरताना नवख्या माणसाला कोठे कोठे अडायला होते, हे सूचक म्हणून त्यांच्याबरोबर हिंडल्याशिवाय मला कळले नसते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, इतरांना दहा लागतात आणि ते सर्व त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. आमच्या दहा जणांपैकी दोघांची नावे शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत असल्याचे आदल्या दिवशी संध्याकाळी लक्षात आले, तेव्हा नवे दोन सूचक शोधायला रात्र पुरली नाही आणि सकाळी पुन्हा धावाधाव झाली. अर्जासोबत द्यायच्या शपथपत्रातील एकही रकाना रिकामा ठेवता येत नाही. सांगण्यासारखे काही नसेल तेथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावेच लागते. निवडणूक खर्चासाठी वेगळे बँक खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेले असावे लागते. ज्यांच्या पक्ष कार्यालयात ही कामे वर्षानुवर्षे करणारी माणसे बसलेली असतात त्यांना यात काही वाटत नाही. आमच्याकडे हे सगळे करणारा एक निवृत्त कारकून आणि आम्ही चार-पाच शेजारी, एवढीच फौज होती.

या अटी निष्कारण आलेल्या नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात १३,९५२ उमेदवार उभे होते. नलगोंडा मतदारसंघात ४८० आणि बेळगावात ४५६ जणांनी अर्ज कायम ठेवले होते. त्यामागे लोकांचा खरा रोष होता, तरी मतपत्रिका छापणे आणि मतमोजणी करणे हे यंत्रणेला जड गेले, यात शंका नाही. त्याच वर्षी कायदा बदलला. ५०० रुपयांची अनामत १०,००० रुपये झाली, दहा सूचकांची अट आली आणि १९९८ मध्ये उमेदवारांची संख्या ४,७५० वर उतरली. पुढे अनामत २५,००० रुपये झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती निम्मी आहे. नामसाधर्म्याचा खेळही आपण पाहिला आहे. २०१४ मध्ये रायगडमधून सुनील तटकरे २,११० मतांनी पराभूत झाले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्ष उमेदवाराला त्या फरकापेक्षा कितीतरी अधिक मते मिळाली. मतदान यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र २०१५ पासून येऊ लागले ते अशाच अनुभवांमुळे. तेव्हा डमी आणि खोडसाळ उमेदवारांना आवर घालणे योग्यच आहे. माझे म्हणणे इतकेच की, खोडसाळ उमेदवाराला अडवण्यासाठी घातलेले कुंपण प्रामाणिक नवख्या उमेदवारालाही तितकेच टोचते; शिवाय काही कुंपणे अशी आहेत की त्यांचा खोडसाळपणाशी काही संबंधच नाही.

त्यांपैकी एक मतदार यादीचे. मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना मतदार यादीच्या प्रती विनामूल्य द्याव्यात अशी तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००३ मध्ये आली. अपक्षाला त्याच याद्या विकत घ्याव्या लागतात. ज्याच्यामागे देशभर कार्यालये असलेला पक्ष आहे त्याला फुकट आणि जो निवृत्तिवेतनातून खर्च करतो आहे त्याला पैसे, ही विभागणी कोणत्या न्यायात बसते हे मला आजवर समजलेले नाही. आकाशवाणी आणि दूरदर्शनवरील विनामूल्य प्रचारवेळही मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांनाच मिळतो. पक्षाला दिलेल्या देणगीवर देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत आहे, अपक्ष उमेदवाराला दिलेल्या देणगीवर ती नाही.

खर्चाच्या मर्यादेबद्दलही थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण वाचकांत याविषयी मोठा गैरसमज आहे. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो आणि ही मर्यादा सर्वांना सारखीच असल्याने सगळे एका रेषेवर उभे आहेत, असे वाटते. परंतु पक्षाने स्वतः केलेल्या खर्चाला कायद्यात कमाल मर्यादाच नाही. मान्यताप्राप्त पक्षाला ४० तारांकित प्रचारक, म्हणजे ‘स्टार प्रचारक’, नेमता येतात आणि पक्षाच्या प्रचारासाठी केलेला त्यांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही. अपक्षाला तारांकित प्रचारक नाहीत; त्याच्या प्रचाराचा सगळा हिशेब त्याच्याच वहीत येतो. २०२४ मध्ये देशात सुमारे ९७ कोटी मतदार होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी पावणेअठरा लाखांहून अधिक. संपूर्ण ९५ लाख खर्च करणाऱ्यालाही मतदारामागे साडेपाच रुपयेसुद्धा येत नाहीत, मग त्याच्या दशांश रक्कमही जवळ नसलेल्या माणसाने प्रत्येक घरी एक पत्रक तरी कसे पोहोचवावे? ब्रिटनमध्ये संसदेच्या प्रत्येक उमेदवाराला मतदारांपर्यंत एक प्रचारपत्र टपालाने विनाशुल्क पाठवता येते आणि ५ टक्के मते मिळाली की अनामत परत मिळते. आपल्याकडे त्यासाठी वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते लागतात. २०२४ मध्ये उभ्या असलेल्या ८,३६० उमेदवारांपैकी सात हजारांहून अधिक जणांची अनामत जप्त झाली. इतक्या मोठ्या संख्येला लागू होणारी कसोटी गंभीर आणि खोडसाळ उमेदवारांत फरक तरी काय करणार?

चिन्हाचा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तेथे आम्ही खरे हरलो. अपक्षाला मुक्त चिन्हांपैकी तीन पसंती अर्जातच लिहून द्याव्या लागतात; प्रत्यक्ष वाटप अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर होते. तेथून मतदानापर्यंत किमान १४ दिवसांचा अवधी असावा एवढीच कायद्याची हमी आहे. १९९६ पूर्वी तो २० दिवसांचा होता. आम्हाला तिसऱ्या पसंतीचे चिन्ह मिळाले. त्यानंतर पत्रके छापायची, ती सहा विधानसभा क्षेत्रांत पोहोचवायची आणि ज्या आजीबाईंना उमेदवाराचे नाव वाचता येत नाही त्यांच्या मनात ते चित्र ठसवायचे, हे सगळे दोन आठवड्यांत. प्रस्थापित पक्षाचे चिन्ह मात्र मतदार लहानपणापासून भिंतींवर पाहत आलेला असतो. मतदान यंत्रावरील क्रमही वर्णानुक्रमे सरसकट नसतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षांचे आणि शेवटी अपक्ष, असे तीन गट करून प्रत्येक गटात वर्णानुक्रम लावला जातो. मतदानाच्या दिवशी तर एका मतदारसंघात साधारण १,९०० केंद्रे असतात. प्रत्येक केंद्रावर पोलिंग एजंट बसवायचा म्हटले तर तितकीच माणसे हवीत. आमचे एजंट जेमतेम साठ केंद्रांवर बसले.

येथवर वाचून आपल्याला वाटेल की हे हरलेल्या बाजूचे गाऱ्हाणे आहे. म्हणून नवख्या उमेदवारांकडून काय चुकते, तेही लिहितो. आमच्या उमेदवारांनी पत्रकाचा मसुदा आणला तेव्हा आम्हा समर्थकांचाच आग्रह होता की त्यात गटारे, पथदिवे, नळजोडण्या आणि गल्लीतील रस्ते यांची आश्वासने असावीत, कारण लोक तेच विचारतात. त्यांनी ती सगळी खोडली. ही कामे ग्रामपंचायतीची आणि नगरपालिकेची आहेत, खासदाराने ती करीन म्हणणे ही मतदाराची फसवणूक आहे, असे त्यांचे मत होते. त्यांनी ठेवले ते दोनच मुद्दे: नद्यांच्या पाणीवाटपाचे तंटे लवादापुढे वर्षानुवर्षे पडून राहू नयेत म्हणून १९५६ च्या आंतरराज्य नदी जलविवाद कायद्यात सुधारणा, आणि २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी. आयुष्यभर ज्या माणसाने कालवे आणि धरणांचे दरवाजे सांभाळले, त्याला संसदेत जाऊन याच विषयावर बोलायचे होते. मला तेव्हा ही हटवादी भूमिका वाटली होती. आज वाटते की त्या मतदारसंघातील सर्व पत्रकांत लोकसभेचे काम नेमके काय असते हे ओळखून लिहिलेले ते एकच पत्रक होते. बहुतेक नवखे उमेदवार अर्ज भरतात तेव्हा केंद्र आणि राज्यांत विषयांची वाटणी करणारी घटनेची सातवी अनुसूची उघडूनही पाहत नाहीत. रेल्वे, बँका, निर्यात धोरण, दूरसंचार, संरक्षण हे केंद्राचे विषय सोडून ते नगरसेवकाच्या निवडणुकीतील भाषण करतात आणि मग मतदारांनी त्यांना गांभीर्याने घेतले नाही म्हणून खंतावतात. दुसरे असे की निवडणूक जाहीर झाल्यावर जागे होऊन दोन महिन्यांत लोकसभा जिंकता येत नाही. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईतून जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांच्यासारख्या मातब्बर नेत्याला हरवले, तेव्हा लोकसभेला ते नवे होते. पण मुंबईतील कामगारांमधील कित्येक वर्षांची संघटना आणि महापालिकेतील अनुभव त्यांच्या पाठीशी होता. २००९ मध्ये दक्षिण मुंबईतूनच अपक्ष उभ्या राहिलेल्या मीरा सन्याल यांच्याकडे बँकिंगमधील मोठा अनुभव आणि स्वच्छ प्रतिमा होती, तरी त्या पराभूत झाल्या. निव्वळ सचोटीवर सोळा-सतरा लाख लोकांपर्यंत पोहोचता येत नाही.

पहिल्या लोकसभेत ३७ अपक्ष निवडून आले होते. २०२४ मध्ये ७ आले, आणि त्यांतही सांगलीचे विशाल पाटील किंवा पूर्णियाचे पप्पू यादव यांच्यामागे राजकीय घराणे किंवा जुनी संघटना होती. कोरी पाटी घेऊन आलेला माणूस विरळाच. नव्या माणसाला सभागृहात काय करता येते, याची आठवण मराठी वाचकांना करून देण्याची गरज नसावी. १९५७ मध्ये बॅरिस्टर नाथ पै राजापूरमधून प्रथमच लोकसभेत गेले आणि पुढे, संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेल्या गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर घटनादुरुस्तीच्या संसदेच्या अधिकाराविषयी त्यांनी मांडलेल्या खासगी विधेयकाने देशभर चर्चा घडवली. ते विरोधी बाकांवर होते आणि त्यांच्या पक्षाचे संख्याबळ तुटपुंजे होते.

कायद्यातील बदल संसदेने करायचे आहेत आणि त्याला वेळ लागेल. मतदार यादी सर्व उमेदवारांना विनामूल्य मिळावी आणि चिन्हवाटप व मतदान यांतील अंतर पूर्वीप्रमाणे किमान २० दिवसांचे व्हावे, या दोन मागण्यांचे निवेदन आम्ही काही सूचकांनी निवडणूक आयोगाकडे पाठवले आहे. संपादक म्हणून आपल्याकडे मागणी वेगळी आहे, कारण ती पूर्ण करायला कोणत्याही कायद्याची आवश्यकता नाही. पुढील निवडणुकीत आपल्या वितरणक्षेत्रातील प्रत्येक मतदारसंघातील प्रत्येक उमेदवाराला आपण तेच तीन प्रश्न विचारावेत: आपण संसदेत पहिला प्रश्न कोणत्या विषयावर विचाराल, कोणत्या केंद्रीय कायद्यात कोणती सुधारणा सुचवाल आणि आपल्या प्रचाराचा पैसा कोठून आला. उत्तरे शंभर-शंभर शब्दांत, सर्वांना सारखी जागा देऊन, मतदानापूर्वी छापावीत. जो उत्तर देणार नाही त्याच्या नावापुढे तसे नमूद करावे. शपथपत्रातील माहिती देताना केवळ कोट्यधीशांची आणि गुन्हे दाखल असलेल्यांची यादी न देता, शिक्षण आणि मालमत्तेचा साधा तक्ता सर्वांचाच द्यावा. ही माहिती जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे. आणि निकालाच्या दिवशी ‘इतर’ ही ओळ काढून टाकून सर्वांची नावे आणि मते छापावीत, मग ती कितीही कमी असोत.

निकालानंतर ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब सादर केला नाही, तर उमेदवार तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. आमच्या उमेदवारांनी तो अठराव्या दिवशीच दिला, चहाच्या पावत्यांसह. त्यांना किती मते पडली हे मला निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर शोधावे लागले. तो आकडा सकाळच्या वर्तमानपत्रात वाचायला मिळावा, अशी त्यांच्या पत्नीची इच्छा होती.

आपला विश्वासू,
एक सूचक आणि मतदार